सिस्टर, एक विचारू?

आधी एक खुलासा. या महिन्यात या सदराला आलेल्या दोन पत्रांवर ‘आदरणीय मदर’ असा मायना आहे आणि एकानं माझ्या मठाचा पत्ता विचारलाय. मी मठातली सिस्टर नव्हे, वॉर्डातली. ३६ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली निम्म्याहून जास्त मेल सर्जिकलला, आणि आता नगरला घरी बसून गुडघे सांभाळते. नवरा आहे, दोन मुली आहेत, एक नातू आहे. धर्मशिक्षणाची पदवी नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारण्यासारखं असेल ते त्यांनाच विचारा. मला विचारलंत तर उत्तरात कुठंतरी बेडपॅन येणारच.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, बी.एस्सी. नर्सिंग झालंय. जर्मनीला जायची संधी आलीय, भाषेचा क्लास सुरू आहे. पप्पा म्हणतात जा, आई म्हणते नको. देवाची इच्छा कळावी म्हणून तीन दिवस उपास केला आणि डोळे मिटून पवित्र शास्त्रावर (बायबलवर) बोट ठेवलं. ‘तू आपला देश सोड’ असं अब्राहामाला सांगितलेलं वचन निघालं. खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी परत उघडलं, तर रूथचं वचन आलं, ‘तुम्हांला सोडून जाण्याचा आग्रह मला करू नका.’ आता कोणतं खरं धरू? — एक वाचक, संगमनेर

बाळा, दोन्ही खरी आहेत, फक्त त्यातलं एकही तुझ्या पत्त्यावर आलेलं नाही. एक अब्राहामाला सांगितलं, दुसरं रूथ आपल्या सासूला म्हणाली. आणि गंमत बघ, ‘सोडून जा म्हणू नका’ म्हणणारी रूथ त्या वेळी स्वतःचा मवाब देश सोडून वाटेला लागली होती. म्हणजे बोट दोन्ही वेळा घर सोडणाऱ्यांवरच पडलं. पण म्हणून तिकीट काढू नकोस.

मीही हे केलंय. १९८० साली ट्रेनिंग संपलं तेव्हा माझ्या हातात दोन नेमणुका होत्या, एक सरकारी दवाखान्यातली आणि एक खेड्यातल्या मिशनच्या दवाखान्यातली. मिशनचा पगार जवळजवळ निम्मा. मी दोन चिठ्ठ्या केल्या, शास्त्रात घातल्या, प्रार्थना केली आणि काढली. मिशन निघालं. नीट घडी घातली नव्हती म्हणून परत काढली. मिशन. तिसऱ्यांदा सरकारी निघाली आणि मी घरभर सांगत सुटले की देव बोलला. माझे वडील शाळामास्तर. वहीतून डोकं न काढता म्हणाले, “मग आधीच्या दोन वेळा कोण बोलत होतं?”

मी सरकारी नोकरीच घेतली. चार वर्षांनी आपल्या पायांनी मिशनच्या दवाखान्यात गेले, ती कुठल्याही चिठ्ठीशिवाय. त्या चार वर्षांत देव मला सोडून गेला होता असं काही जाणवलं नाही. सरकारी वॉर्डातही माणसं मरत होती, बरी होत होती, आणि रात्री तीन वाजता कुणीतरी पाणी मागत होतंच.

देवाची इच्छा म्हणजे कुठंतरी दडवून ठेवलेलं पाकीट, ते सापडलं नाही तर जन्म फुकट, असं आपल्याला वाटतं. पण शास्त्र जिथं ‘देवाची इच्छा हीच आहे’ असं सरळ म्हणतं ती ठिकाणं काढून बघ. पहिलं थेस्सलनीकाकरांस पत्र, चौथा अध्याय : तुमचं पवित्रीकरण व्हावं. त्याच पत्राचा पाचवा अध्याय : सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. मीखा संदेष्टा म्हणतो, नीतीनं वाग, दया कर, देवाबरोबर नम्रतेनं चाल. यातलं एकही जर्मनीत करता येत नाही असं नाही, आणि संगमनेरात राहिलं की आपोआप होतं असंही नाही.

उरलेलं चालताना कळतं. प्रेषितांची कृत्ये, १६ वा अध्याय वाच. पौल प्रेषिताला आशिया प्रांतात वचन सांगायचं होतं, अडवला गेला. बिथुनियात जायचा प्रयत्न केला, तिथंही वाट बंद. फिरत फिरत त्रोवसला पोचला तेव्हा कुठं स्वप्न पडलं. पौलासारख्या माणसाचा दोनदा रस्ता चुकला आणि कुणी त्याला अविश्वासू म्हटलं नाही. स्वप्नात मासेदोनियाचा पुरुष दिसला होता, प्रत्यक्षात फिलिप्पै गावात नदीकाठी आधी भेटल्या त्या बायका, आणि त्यांच्यात जांभळं कापड विकणारी लुदिया. इतकं स्पष्ट मार्गदर्शनसुद्धा पूर्ण नकाशा देत नाही.

तेव्हा आधी जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा दे. तिथं नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायची तर भाषा त्या पायरीपर्यंत लागते, आणि ती आली की तुझा निम्मा गोंधळ तसाच कमी होईल. एजंट पैसे मागत असेल तर करारातला कागद न् कागद वाच. मध्येच नोकरी सोडली तर किती भरायचं हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. आणि आईला ‘का नको?’ असं विचारू नकोस, ते भांडण होतं. ‘कशाची भीती वाटते?’ असं विचार. आया बहुतेक वेळा जर्मनीला घाबरत नाहीत. संध्याकाळी सहा वाजता रिकाम्या होणाऱ्या घराला घाबरतात. ते ऐकून मग ठरव. जाशील तर ‘प्रभूची इच्छा असली तर’ म्हणून जा, याकोबानं शिकवलंय तसं, आणि राहशील तरी तेच म्हणून राहा.

प्रश्न : माझं वय ४१. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक आहे, सगळं अंथरुणात. मिस्टर मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीवर आहेत. बुधवारी प्रार्थनासभा, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी गायनाची तालीम, रविवार तर त्यांचाच. मी तीन वर्षांत नाताळ सोडले तर उपासनेला गेलेली नाही. महिला मंडळातल्या बायका म्हणतात, हा तुझा वधस्तंभ आहे, देवाची कृपा पुरेशी आहे. मागच्या आठवड्यात एका रात्रीत तिसऱ्यांदा चादर ओली झाली तेव्हा मी सासूबाईंच्या हाताला हिसडा दिला आणि नको ते बोलले. त्या रडल्या. माझ्यावरची कृपा संपली का? — एक सून, श्रीरामपूर

कुठला हात? उजवा असेल तर आधी खांदा बघ. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, ओढलं की सांधा सरकतो. हात हलवताना त्या तोंड वेडंवाकडं करत असतील तर डॉक्टरांना दाखव, लपवू नकोस. यापुढं उठवताना हाताला धरायचं नाही, पाठीमागून खांद्याच्या फऱ्यावर हात द्यायचा.

मग माफी माग. मोठ्यानं, त्यांच्या डोळ्यांत बघून, तो हात हातात घेऊन. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नाही. त्या रडल्या यावरूनच समजून घे.

आता माझं सांगते. हे मी आजवर मंडळीत साक्ष म्हणून कधी सांगितलेलं नाही. रात्रपाळी होती, वॉर्डात ३२ पेशंट, मी आणि एक आया. एक म्हातारे सारखी लघवीची नळी ओढून काढत. चौथ्यांदा काढली तेव्हा मी त्यांचे हात पट्टीनं कॉटला बांधले. बांधावे लागतात कधीकधी, तो वेगळा भाग, पण मी गरजेपेक्षा घट्ट बांधले आणि मला ते बांधताना माहीत होतं. सकाळी सोडले तर दोन्ही मनगटांवर लाल वळ. कुणी विचारलं नाही, डॉक्टरांच्या राउंडलाही ते निघालं नाही. मी खाली मान घालून मनगटं चोळत बसले, तेव्हा म्हातारे म्हणाले, “पोरी, रातभर जागी हायेस. च्या तरी पिलीस का?”

कृपेवरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली, चांगलीही ऐकली. तो चहा विचारला गेला तेव्हा जे झालं ते मात्र कुठल्या प्रवचनात झालं नाही. त्यांनी मला माफ केलं असं ते म्हणालेच नाहीत. त्यांच्या लेखी तसा विषयच नव्हता.

तेव्हा संपली का, तर नाही. पण तू साठवून ठेवलेली संपली असेल. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात मान्न्याची, म्हणजे रानात देवानं आकाशातून दिलेल्या अन्नाची गोष्ट आहे. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. उद्यासाठी ठेवला की किडे पडत, घाण सुटे. तू रात्री दोन वाजता ओली चादर हातात घेऊन मागच्या तीन वर्षांचा आणि पुढच्या दहा वर्षांचा हिशोब करतेस. तेवढ्याला पुरेल एवढी कृपा त्या रात्री कुणालाच मिळत नाही. त्या रात्री फक्त तिसऱ्या चादरीपुरती मिळते.

१९७२ च्या दुष्काळात मी १४ वर्षांची होते. आमच्या स्वयंपाकघरात डालडाचा एक रिकामा डबा होता. आई रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी मूठभर बाजरी त्यात टाकायची, रविवारच्या अर्पणासाठी. त्या वर्षी बाजरी कुठली, रेशनचा लाल मिलो. आई त्याचीही मूठ टाकायची. आणि ज्या दिवशी घरात काहीच नसे त्या दिवशीही डब्यावर हात नेऊन मूठ उघडायची, रिकामी. मी हसले होते. ती म्हणाली, “आज एवढंच हाय, ते त्याला दिसू दे.” तुझी मागच्या आठवड्यातली मूठ रिकामी होती. दाखव त्याला.

आता वधस्तंभाचं. प्रभूनं ‘आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागं या’ म्हटलं ते त्याच्यामागं चालायचं ठरवणाऱ्यांना म्हटलं. सासूला झटका येणं हा वधस्तंभ नव्हे, तो मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे. शिवाय खरा वधस्तंभ प्रभूनंसुद्धा शेवटपर्यंत एकट्यानं वाहिला नाही. कुरेनेकर शिमोन रानातून येत होता, त्याला शिपायांनी धरलं आणि त्याच्या खांद्यावर दिला. महिला मंडळातल्या बायकांना पुढच्या वेळी विचार, शिमोन कोण होणार? आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ हे पौलाला देव म्हणाला होता. शेजारीण म्हणाली नव्हती. हे वाक्य देवाच्या तोंडून ऐकलं तर आधार, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर बहुधा हात झटकणं.

मिस्टरांसाठी मार्कचा सातवा अध्याय. त्या काळी एक सोय होती : आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण आहे असं जाहीर केलं की आईबापांसाठी काही करावं लागत नसे. प्रभू या सोयीवर किती चिडला ते वाचा. दानधर्म करणाऱ्या, देवळात येणाऱ्या माणसांवर चिडला तो. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर, तुमची आई पलंगावर आहे आणि तुमचा बुधवार, शुक्रवार, शनिवार कुर्बान झालाय. गायनाची तालीम तुमच्यावाचून होईल. मंगळवार आणि शनिवारची रात्र तुमची, चादरीसकट. (बाई, हे तू वाचून दाखवू नकोस. मासिक या पानावर उघडं ठेव आणि त्यावर त्यांचा चहा ठेव.)

आणि रविवारी महिला मंडळातल्या दोघींनी पाळीनं दोन तास येऊन बसायचं. प्रार्थना करायला नाही, बसायला. तू उपासनेला जा, नाहीतर झोप. झोपलीस तरी चालेल, एलिया संदेष्टासुद्धा रतामाच्या झुडपाखाली झोपला होता आणि देवदूतानं त्याला उठवून आधी भाकरच दिली.

दोन कामाच्या गोष्टी. दर दोन तासांनी कूस बदल, रात्री दोघांनी वाटून घ्या. माकडहाड, टाचा, कमरेची हाडं रोज उजेडात बघ. लाल डाग दिसला आणि बोटानं दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर तिथून जखम सुरू होतेय. त्या डागावर तेल चोळायचं नाही, कितीही जणांनी सांगितलं तरी. त्या बाजूवर झोपवायचं नाही आणि डॉक्टरांना सांगायचं. चादरीखाली रबरी शीट असेल तर वर सुती कापड हवंच, नाहीतर पाठ घामानं भिजते. आणि संध्याकाळनंतरचं पाणी थोडं अलीकडं घ्या, दिवसभरात भरपूर द्या. तिसरी चादर बऱ्याचदा टळते.

प्रश्न : आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव असतो. यंदा एक डझन अंडी ३,१०० रुपयांना गेली. ज्यानं घेतली त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. मी परसात पिकवलेले चार भोपळे आणले होते, त्यांना बोलीच लागली नाही, शेवटी कुणीतरी ५० रुपयांत नेले. देवाच्या घरात असा दिखावा चालतो का? — एक निवृत्त कर्मचारी, जालना

काका, तुमचा राग अंड्यांवर आहे की भोपळ्यांवर, ते आधी ठरवा.

दिखावा वाईटच. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये असं प्रभू म्हणाला, आणि आपण उजव्या हाताचं नाव माईकवरून पुकारतो. पण त्या ३,१०० मधून बहुधा चर्चच्या छताचे पत्रे येणार आहेत, आणि पावसाला देणाऱ्याचा हेतू कळत नाही. भोपळ्यांचं म्हणाल, तर तुम्ही ते अर्पण केलेत त्या क्षणी ते तुमचे राहिले नाहीत. त्यांची किंमत काय आली हा आता तुमचा प्रश्नच नाही, आणि हे मान्य करायला मला सात-आठ वर्षं लागली, कारण माझ्या करंज्यांचंही असंच झालं होतं. पुढच्या वर्षी भोपळे कापून आणा. अख्खा भोपळा घरी न्यायचा म्हटलं की बायका घाबरतात.

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा. मार्च महिन्यात मोटरसायकलच्या अपघातात गेला. प्रेतक्रियेच्या दिवसापासून आजवर येणारा प्रत्येक जण एकच म्हणतो, देवाची इच्छा. ती इच्छा हीच असेल तर रोज रात्री घरच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे मी कसं म्हणू? ती ओळ आली की मी गप्प राहतो. बायकोच्या लक्षात आलंय. — एक बाप, बीड जिल्हा

भाऊ, गप्प राहा. तुमची पत्नी म्हणतेय ना, ती तुमच्याही वाटचं म्हणतेय. शतकानुशतकं मंडळी अशीच प्रार्थना करत आलीय, एकाचा आवाज गेला की दुसऱ्यानं ओळ पुरी करायची.

त्या ओळीकडं मात्र एकदा नीट बघा. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ असं तिथं आहे. पृथ्वीवर जे जे घडतं ते सगळं त्याच्या इच्छेनंच घडत असतं, तर हे मागायची गरजच नव्हती. आपण मागतो, कारण अजून तसं होत नाही. हायवेवर रात्री उलट बाजूनं, दिवे न लावता ट्रॅक्टर येतो (तुम्ही लिहिलंत तसं), तेव्हा तो ट्रॅक्टरवाल्याचा निष्काळजीपणा असतो. तो देवाच्या नावावर मांडू नये. येणारे लोक वाईट नाहीत. त्यांना तुमच्यासमोर शांत बसवत नाही म्हणून ते बोलतात.

लाजराच्या कबरेशी प्रभू रडला. पाच मिनिटांत त्याला उठवणार हे त्याला माहीत होतं, तरी रडला. शास्त्रात ते रडणं चुकून राहिलेलं नाही.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही पुरी नव्हती. एक मुलगी राहिली, मनोरमा. ती केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली होती, आणि १९२१ च्या जुलैत तीही गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधल्या नऊ महिन्यांत शास्त्राच्या मराठी भाषांतराचं त्यांचं काम चालू होतं. ‘हे सगळं का’ याचं उत्तर मिळालं म्हणून काम चालू राहिलं, असं समजू नका. मी वॉर्डात पुष्कळ आईबाप पाहिलेत. उत्तर मिळालेला एकही पाहिला नाही. जेवायला लागलेले पाहिले.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. अपघाताची वेळ आहे, रस्ता आहे, मोटरसायकलचा नंबर आहे, पंचनाम्याची तारीख आहे. मुलाचं नाव कुठंच नाही. पुढच्या पत्रात ते लिहा. त्याला काय खायला आवडायचं, गाणं कुठलं म्हणायचा, तुमच्याशी कशावरून वाद घालायचा, तेही लिहा. मी ते छापणार नाही.